‘कबर्ड’ शिकवताना

तुम्ही यंदा प्रथमच मुंबईतल्या मराठी माध्यमाच्या वर्गाला इंग्रजी शिकवणार आहात, म्हणून ‘कबर्ड’ या एकाच शब्दाविषयी थोडे सविस्तर लिहितो. ‘कप’ आणि ‘बोर्ड’ यांचा हा जोडशब्द ओळीच्या शेवटी तोडावा लागला, तर तो ‘पी’ आणि ‘बी’ यांच्या मधूनच तोडावा. उच्चारात मात्र तो ‘प’ उरतच नाही, कारण दोन्ही वर्ण ओठांवर घडत असल्याने आधीचा पुढच्यात विरून गेला आहे. आघात, म्हणजे उच्चारातला जोर, पहिल्या सिलॅबलवर (एका झटक्यात उच्चारल्या जाणाऱ्या तुकड्यावर) पडतो आणि त्यामुळे ‘बोर्ड’मधला ‘ओ’ आखडून नुसता ‘अ’सारखा उरतो. ‘ब्लॅकबोर्ड’मध्ये आघात पहिल्याच भागावर असूनही ‘बोर्ड’ शाबूत राहतो, हा फरक फळ्यावर शेजारी शेजारी लिहून अवश्य दाखवा.

मुलांना सिलॅबल मोजायला लावाल, तेव्हा त्यांना देवनागरी अक्षरे मोजू देऊ नका. माझ्या मते बहुतेक गोंधळ इथेच होतो. ‘चर्चगेट’ हे त्यांच्या ओळखीचे स्टेशन घ्या: लिहिताना चार अक्षरे, पण टाळ्या वाजवून म्हटले की दोनच सिलॅबल.