जावामध्ये गार्बेज कलेक्टर असताना फाइल स्वतः बंद का करावी?

तुम्ही विचारले आहे की, गार्बेज कलेक्टर (न लागणाऱ्या ऑब्जेक्टची मेमरी आपोआप मोकळी करणारी यंत्रणा) असताना जागोजागी ‘क्लोज’ लिहिण्याचा खटाटोप कशाला, ते काम ‘फायनलाइझ’वर (ऑब्जेक्ट नष्ट होण्याआधी कलेक्टरमार्फत चालणाऱ्या मेथडवर) सोडता येणार नाही का, आणि सी प्लस प्लसमध्ये हे कसे करतात. ‘फायनलाइझ’वर काहीही सोडू नका.

यवतमाळ जिल्ह्यातील एका जिनिंगच्या वजनकाट्यावर आमचा जावातील प्रोग्राम चालत असे. काट्याकडून येणारे प्रत्येक वाचन नोंदवण्यासाठी तो फाइल नव्याने उघडत असे, आणि ती बंद करणारी एकही ओळ त्यात नव्हती, कारण ‘जावा आपली साफसफाई आपणच करते’ असे आमच्या वरिष्ठांचे ठाम मत होते. दिवाळीनंतर कापसाची आवक वाढली आणि प्रोग्राम भर दुपारी ‘टू मेनी ओपन फाइल्स’ असे सांगून बंद पडू लागला. फाटकाबाहेर बंड्या आणि ट्रॅक्टर यांची रांग, भरलेल्या गाडीचे वजन झालेले, रिकामीचे राहिलेले, काटापट्टी अर्धवट. दिवाणजी प्रोग्राम पुन्हा सुरू करीत आणि तेवढ्यापुरते भागत असे, कारण प्रक्रिया संपताच ऑपरेटिंग सिस्टीम तिच्या सर्व फाइल्स बंद करते. वरिष्ठांनी दोष मेमरीला दिला आणि हीप, म्हणजे ऑब्जेक्ट ठेवण्याची मेमरीतील जागा, वाढवायला लावला. त्यानंतर प्रोग्राम आणखी लवकर बंद पडू लागला.

त्यात नवल नव्हते. कलेक्टर हीपमधील जागा भरत आली की कामाला लागतो. उघड्या फाइल्स तो मोजत नाही. फाइलचा ऑब्जेक्ट हीपमध्ये नगण्य जागा घेतो, तर लिनक्सवर एका प्रक्रियेला उघड्या फाइल्सची मर्यादा बहुधा 1024 असते. हीप जितका मोठा, तितका कलेक्टर निवांत, आणि तोवर सोडून दिलेल्या फाइल्स उघड्याच राहतात. हे मी बैठकीत मांडले तेव्हा ‘गावाकडच्या कॉलेजात सी शिकलेली पोरे सगळीकडे फ्री शोधत बसतात’ असे मला ऐकावे लागले (सीमध्ये मेमरी ‘फ्री’ लिहून स्वतः मोकळी करावी लागते). शेवटी काटा चालला तो ट्राय-विथ-रिसोर्सेसमुळेच. जावा 7 पासून, म्हणजे 2011 पासून, ही सोय आहे; तिच्यात उघडलेली फाइल तो ब्लॉक संपताच, मध्येच एक्सेप्शन (चूक झाल्याचा इशारा) आले तरी, बंद होते. वरिष्ठांना प्रिय असलेले ‘फायनलाइझ’ कधी चालेल, किंबहुना चालेल तरी का, याची हमी भाषेने कधीच दिली नव्हती. जावा 9 ने 2017 मध्ये ते कालबाह्य ठरवले आणि जावा 18 ने 2022 मध्ये ते पुढे काढून टाकले जाईल असे जाहीर केले. हे त्यांनी वाचले असेल अशी आशा आहे.

सी प्लस प्लसमध्ये ऑब्जेक्टची व्याप्ती (तो ज्या ब्लॉकात जाहीर केला तो ब्लॉक) संपताच डिस्ट्रक्टर, म्हणजे ऑब्जेक्ट नष्ट होतानाचे फंक्शन, चालतो, म्हणून फाइल त्यातच बंद करतात. हीपवरील ऑब्जेक्टसाठी युनिक पॉइंटर वापरावा; त्याची स्वतःची व्याप्ती संपली की तो ऑब्जेक्टही नष्ट करतो.

एक सांगायचे राहिले. ज्या ऑब्जेक्टजवळ मेमरीखेरीज काहीच नाही, ते कलेक्टरवरच सोडावेत. तेथेही प्रत्येक व्हेरिएबलला नल (रिकामी किंमत) देत बसलो असतो किंवा कलेक्टरला चालण्याची विनंती करणारे सिस्टीम.जीसी वारंवार बोलावले असते, तर वरिष्ठांचा तो टोमणा मी मुकाट्याने ऐकून घेतला असता.