घरच्या घरी गाडीचे पुढचे शॉकअप बदलता येतात का?

येतात. दोन्ही शॉकअप गाडीतून काढणं आणि परत बसवणं घरी जमतं. मधलं एकच काम घरी करू नका: जुन्या शॉकअपवरची स्प्रिंग दाबून काढणं आणि नव्यावर चढवणं. तेवढ्यासाठी काढलेले शॉकअप स्प्रिंगसकट कोल्हापूरच्या उद्यमनगरात, म्हणजे आपल्या वर्कशॉपच्या पेठेत न्या, तिथे दाबून घ्या आणि परत येऊन स्वतःच्या हाताने बसवा.

तुम्ही लिहिलंय की तुमची हॅचबॅक 85 हजार किलोमीटर चालली आहे, खड्ड्यात आणि स्पीड ब्रेकरवर पुढून खडखड येते, गॅरेजवाल्याने दोन्ही शॉकअप बदलायला सांगितले आहेत, आणि कळंब्यात घराच्या पार्किंगमध्ये स्प्रिंग कंप्रेसर (स्प्रिंग दाबायचं साधन) भाड्याने आणून हे करावं का, असं विचारलंय. कंप्रेसरचं उत्तर वर दिलंच. पण त्याच्याही आधी मला तुमच्या आवाजाबद्दल बोलायचंय, कारण खडखड आली की शॉकअप गेला असं सरसकट म्हणतात आणि बऱ्याचदा तो दोष शॉकअपचा नसतोच.

शॉकअप खरोखर गेला की गाडीची चाल बदलते. ब्रेक मारला की नाक खाली जातं, स्पीड ब्रेकर ओलांडल्यावर पुढची बाजू एकदा वरखाली होऊन थांबण्याऐवजी डुलत राहते, पन्हाळ्याच्या वळणांवर गाडी एका अंगावर कलते. टायरवरून तळहात फिरवला तर रबर जागोजागी खोलगट झिजलेलं लागतं. चाक पूर्ण वळवून आत बॅटरी मारा: शॉकअपच्या नळीवर तेलाचा ओघळ असेल आणि त्यावर धुळीचा ओला थर बसला असेल, तर सील गेलं. नुसता ओलसर डाग म्हणजे गळती नव्हे.

उलट, चाल ठीक आहे पण हळू वेगात, बारीक खड्ड्यांवर किंवा खडीवर टकटक येते, तर आधी लिंक रॉड बघा. शॉकअपला आणि आडव्या स्टॅबिलायझर दांड्याला जोडणारी ती छोटी काडी. दोन्ही टोकांना बॉल जॉइंट असतात आणि आपल्या रस्त्यांवर ते शॉकअपच्या कितीतरी आधी ढिले होतात. दोन्हीकडचे लिंक रॉड सोडून, बांधून ठेवून, गल्लीत सावकाश एक चक्कर मारा. आवाज गेला तर काम तिथेच संपलं. ही चक्कर गल्लीपुरतीच, कारण त्या दांड्याशिवाय गाडी वळणावर जास्त कलते.

तिसरा संशयित म्हणजे शॉकअपच्या डोक्यावरचं माउंटिंग आणि त्यातलं बेअरिंग. गाडी जागेवर उभी ठेवून कुणालातरी स्टेअरिंग या टोकाकडून त्या टोकाकडे फिरवायला सांगा आणि तुम्ही स्प्रिंगला बाहेरून नुसती बोटं टेकवा. बेअरिंग चांगलं असेल तर स्प्रिंग गुपचूप फिरते. अडकलं असेल तर स्प्रिंग आधी पिळली जाते आणि मग टण्‌कन सुटते. तो झटका बोटांना स्पष्ट कळतो. चाकाला खालून धरणाऱ्या लोअर आर्मचे रबरी बुश टॉमीने (लोखंडी पहारीने) हलवून बघा, रबर फाटलं असेल तर तेही याच वेळी उरकता येईल.

हे सगळं तपासूनही शॉकअपच निघाला, तर पुढे वाचा.

आपल्या छोट्या गाड्यांना पुढे जो असतो तो मॅकफर्सन स्ट्रट. अर्ल मॅकफर्सन नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने 1940 च्या दशकात ही रचना बसवली, आणि भारतात 1983 ला आलेल्या मारुती 800 पासून ती घरोघरी पोचली. तिची खुबी लक्षात घ्या, म्हणजे पुढची सगळी काळजी कशासाठी ते आपोआप कळेल. मागचा शॉकअप बहुतेक वेळा फक्त झोके शांत करतो. त्याला सोडलं तरी चाक जागेवर राहतं. पुढचा मात्र चाकाचा खांबच आहे. चाकाचा नकल, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो लोखंडी भाग, खाली त्याला दोन बोल्टने जखडलेला असतो, गाडीचं वजन त्याच्यावरच्या स्प्रिंगवर असतं आणि स्टेअरिंग वळलं की तो सगळाच्या सगळा फिरतो. म्हणून तो बदलला की चाकाचा कोन बदलतो, आणि म्हणूनच त्याचे बोल्ट ‘हाताला घट्ट लागले’ एवढ्यावर सोडायचे नसतात.

सामान घेताना दोन्ही बाजूंचे शॉकअप एकदम घ्या. एक नवा आणि एक जुना लावला तर गाडी ब्रेकला एका बाजूला ओढू शकते. डावा आणि उजवा वेगळा असतो; ब्रेक पाइपचा आणि लिंक रॉडचा कान (ते अडकवायची पट्टी) कुठल्या बाजूला आहे ते दुकानातच जुळवून बघा. सोबत माउंटिंग, बेअरिंग, बंप स्टॉप (दांड्यावरचा रबरी ठोकळा), धुळीचा बूट आणि लिंक रॉड नवेच घ्या. एवढं सगळं उघडल्यावर जुनं माउंटिंग परत घालणं म्हणजे सहा महिन्यांनी हेच काम पुन्हा करणं. स्प्रिंग तुटलेली किंवा बसलेली नसेल तर जुनीच चालते. शॉकअप बिलावरच घ्या. या मालात डुप्लिकेट भरपूर फिरतो.

आता जागा. तुमच्या पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉक आहेत असं फोटोत दिसतंय. त्यावर जॅक थेट लावू नका, ब्लॉक खचतो आणि जॅक तिरका होतो. खाली जाड फळी घ्या. मागच्या दोन्ही चाकांना पुढूनमागून दगड लावा, हँडब्रेक ओढा, चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे ढिले करा. गाडी उचलली की दोन्ही बाजूंना जॅक स्टँड द्या आणि काढलेलं चाक दाराखालच्या पट्टीखाली आडवं सरकवून ठेवा. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली हात घालायचा नाही, एका मिनिटासाठीही नाही. स्टँड नसतील तर काम त्या दिवशी करू नका. याबाबतीत मी कुणाचंच ऐकून घेत नाही.

आदल्या रात्री सगळ्या नटांवर गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवा. इथल्या पावसात खालचे बोल्ट गंजतातच, आणि 2019 किंवा 2021 च्या महापुरात जी गाडी पाण्यात उभी होती तिचे तर विचारायलाच नको. दुसऱ्या दिवशी आधी तारेच्या ब्रशने बाहेर आलेले आटे साफ करा, पुन्हा स्प्रे मारा, मगच पाना लावा. बहुतेक छोट्या गाड्यांत हे दोन मोठे बोल्ट 17 किंवा 19 च्या गोटीत (सॉकेटमध्ये) बसतात. लांब हँडल किंवा पाइप घ्या. कित्येक गाड्यांत बोल्टच्या डोक्याखाली बारीक दाते असतात आणि ते भोकात रुतलेले असतात, म्हणून बोल्ट धरून ठेवायचा आणि नट फिरवायचा. बोल्ट फिरवलात तर ते दाते भोक खातात आणि मग बोल्ट कधीच नीट बसत नाही.

ते सोडण्याआधी नकल आणि शॉकअप एकमेकांना जिथे भेटतात तिथे टोकदार खिळ्याने रेघ ओढून घ्या. परत बसवताना निदान जवळपासचा कोन मिळतो. मग ब्रेकचा पाइप आणि एबीएसची वायर शॉकअपवरच्या कानातून सोडवा. लिंक रॉडचा नट सोडताना आतला दांडा सोबत फिरायला लागतो. त्याच्या टोकाला ॲलन कीचं भोक असतं, त्यात की घालून धरा. भोक गंजून गोल झालं असेल तर ग्राइंडरने कापा, लिंक रॉड तसाही नवा घालणार आहोत.

शेवटी बॉनेटखालचे माउंटिंगचे दोन किंवा तीन नट. काही गाड्यांत ते वायपरखालच्या प्लास्टिकच्या जाळीत लपलेले असतात, आधी ती काढावी लागते. हे नट सोडताना एका हाताने शॉकअप खालून धरून ठेवा, नाहीतर तो धाडकन खाली येतो. आणि त्या नटांच्या मधोमध जो एकटा मोठा नट दिसतो त्याला अजिबात हात लावू नका. स्प्रिंग त्याच्याच जोरावर दाबलेली आहे.

शॉकअप बाहेर आला की नकल बाहेरच्या बाजूला झुकतो. त्याला लगेच तारेने वर बांधा. तो तसाच लोंबकळला तर ब्रेक पाइपवर ताण येतो आणि ड्राइव्ह शाफ्टचा, म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्याचा, आतला जॉइंट निसटू शकतो. मग दुपारचं काम दोन दिवसांचं होतं.

आता स्प्रिंग. एका छोट्या हॅचबॅकच्या पुढच्या प्रत्येक स्प्रिंगवर उभ्या गाडीचं साधारण 250 ते 300 किलो वजन असतं, आणि चाक अधांतरी असतानाही ती पूर्ण मोकळी नसते. नट सोडण्यासाठी तिला आणखी दाबावं लागतं. भाड्याने मिळणारा कंप्रेसर म्हणजे दोन लांब स्क्रू आणि चार आकडे. स्क्रूचे आटे किती झिजलेत हे आपल्याला माहीत नसतं. एक आकडा घसरला की स्प्रिंग वाकडी होऊन उडते, आणि तेव्हा आपलं तोंड तिच्यापासून हातभर अंतरावर असतं. उद्यमनगरात सस्पेन्शनचं काम करणाऱ्यांकडे भिंतीला किंवा टेबलाला पक्का बसवलेला प्रेस असतो. ज्या पेठेने इंजिनं बनवून महाराष्ट्रभर पाठवली तिथे हे रोजचं काम आहे. आपल्या हाताने काम करण्याची हौस मला पूर्ण कळते, मलाही तीच आहे. पण चांगलं साधन गावातच असताना भाड्याच्या कंप्रेसरवर बोटं आणि डोळे पणाला लावू नयेत.

गाडी स्टँडवर असेल, म्हणून दुचाकीची सोय करा; दोन्ही शॉकअप स्कूटरच्या पायापाशी उभे राहतात. वर्कशॉप त्या दिवशी उघडं आहे का ते आधी फोनवर विचारा. तिथे उभं राहून दोन गोष्टी बघा. नवा शॉकअप बसवण्याआधी उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबून-ओढून घ्यायला सांगा, आडवा पडून राहिल्याने आत हवा अडकलेली असते. आणि वरचा नट घट्ट करताना चकचकीत दांडा पकडीने धरू देऊ नका. दांड्यावर ओरखडा आला की तो सील फाडतो, आणि नवा शॉकअप काही महिन्यांत गळायला लागतो. दांडा टोकाकडून ॲलन कीने धरायचा. स्प्रिंगचं खालचं टोक बशीतल्या पायरीला टेकलेलं आहे ना, तेही बघा.

परत बसवणं सोपं आहे. आधी वरचे नट हाताने, मग खालचे दोन बोल्ट रेघेला रेघ जुळवून, मग ब्रेक पाइप आणि वायर जिथून काढली त्याच कानात. ही वायर विसरली तर ती फिरत्या चाकाला घासून तुटते. खालच्या मोठ्या बोल्टचा टॉर्क (आवळण्याचा जोर) बऱ्याच छोट्या गाड्यांत 80 ते 100 न्यूटन-मीटरच्या आसपास असतो, पण तुमच्या गाडीचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्या आणि टॉर्क पाना वापरा. कोणाकडे मागितला तरी चालेल, अंदाजाने आवळू नका. नायलॉनचे नट एकदा काढले की नवेच घाला. चाकं लावून गाडी खाली उतरवल्यावर चाकाचे नट आणि माउंटिंगचे नट शेवटचे आवळा.

पहिली चक्कर हळू मारा, स्टेअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून बघा. रेघा कितीही जुळवल्या तरी व्हील अलाइनमेंट त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी करून घ्याच, नाहीतर नव्या शॉकअपवर जुने टायर झरझर झिजतील. शे-दीडशे किलोमीटर झाले की सगळ्या नटांवर पुन्हा एकदा पाना लावून बघा.

पहिल्यांदा करत असाल तर उद्यमनगरची फेरी धरून पूर्ण दिवस हातात ठेवा, आणि दोन माणसं असू द्या. ऊस हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी रस्ते उखडण्याआधी उरकलंत तर उत्तम. लिंक रॉड सोडून चक्कर मारल्यावर आवाजाचं काय झालं ते आणि गाडीचं मॉडेल-वर्ष इथेच खाली लिहा, वरचे नट कुठे असतील आणि कुठली गोटी लागेल ते बघून सांगतो.