एकट्याने पळायला जायचा कंटाळा येतो, तुम्ही नियमित पळणारे लोक हे टिकवता कसं?

तुम्ही लिहिलंय की वय 38, बैठी नोकरी, तीनदा पळायला सुरुवात केली आणि तिन्ही वेळा पंधरा-वीस दिवसांत सुटलं, एकट्याला जायचं जिवावर येतं, तर आम्ही मोटिव्हेशन कुठून आणतो, आठवड्याचं रूटीन काय आणि आमचं टायमिंग किती. तिन्हीचं उत्तर देतो, पण मोटिव्हेशनचं आधी, कारण खरी गाडी तिथेच अडते.

मी साताऱ्याचा, एमआयडीसीत जनरल शिफ्टला आहे, वय 44. 2017 ला कंपनीच्या मेडिकल चेकअपमध्ये तीन महिन्यांची सरासरी साखर 6.1 आली, डॉक्टर म्हणाले अजून डायबेटिस नाही पण उंबऱ्यावर उभे आहात, तेव्हा पळायला लागलो. भीतीने सुरू केलं म्हणजे टिकेल असं वाटलं होतं पण भीती महिनाभरात ओसरते हो, रिपोर्ट कपाटात जातो आणि सकाळी पाचला गादी सोडवत नाही. दोनदा सुटलं माझंपण. तिसऱ्यांदा टिकलं ते फक्त एका माणसामुळे, तो माझा शाळेपासूनचा दोस्त, बँकेत आहे. आम्ही ठरवलं होतं की मंगळवार, गुरुवार, रविवार सव्वापाचला समर्थ मंदिराच्या चौकात भेटायचं, तिथूनच यवतेश्वरचा घाट लागतो.

पहिल्याच वर्षीचा जुलै होता. साताऱ्याचा पाऊस ज्यांनी बघितलाय त्यांना सांगायला नको, रात्रभर पत्र्यावर धो धो चालू. पाचला जाग आली, म्हटलं आज कुत्रंसुद्धा बाहेर पडणार नाही, कूस बदलली आणि झोपलो. पण झोप काही लागेना. डोक्यात एकच, हा तिथे उभा असला तर? फोन लावावा तर तो पळायला येताना फोन आणतच नाही. शेवटी साडेपाचला रेनकोट घालून पायात स्लिपर तशीच ठेवून गाडीवर गेलो, म्हटलं बघून तरी येऊ. तर चौकातल्या एका बंद दुकानाच्या वळचणीला, शटरवर एक हात टेकवून साहेब पोटऱ्या ताणत उभे. बूट भिजून काळे झालेले, टोपीच्या टोकावरून पाणी ठिबकतंय. मला बघून एवढंच म्हणाला, "बूट घालून ये, उशीर झालाय, आज चारच करू." रागावला नाही की काही नाही. मी घरी जाऊन बूट घालून आलो आणि पावणेसहाला आम्ही चार किलोमीटर पळलो. त्या दिवसानंतर न सांगता दांडी मी एकदाही मारलेली नाही, आज इतकी वर्षं झाली.

म्हणून माझं प्रामाणिक मत आहे की ते मोटिव्हेशन-बिटिव्हेशन आपल्या आत शोधत बसू नका. कोपऱ्यावर एक माणूस उभा करा जो तुम्ही नाही आलात तर ताटकळेल. मनाला फसवता येतं, आज बरं वाटत नाही, उद्या डबल पळू, पण दोस्ताला पावसात उभं करून झोपणं नाही जमत. आणि तो माणूस तुमच्यापेक्षा जोरात पळणारा नको, वेळ पाळणारा हवा. हे मी मुद्दाम सांगतोय कारण बहुतेक लोक उलटं करतात, चांगला पळणारा शोधतात आणि मग त्याच्या मागे धापा टाकत पळून दहा दिवसांत वैतागतात.

आता आम्ही पाच जण आहोत. बँकवाला, मी, एक मेडिकल दुकानवाला आहे, एक शाळेतले सर जे वयाच्या 52 व्या वर्षी आले आणि बँकवाल्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी. वहिनींचं सांगण्यासारखं आहे. त्या दोन वर्षं म्हणत होत्या मलापण यायचंय पण पहाटेच्या अंधारात बाईने एकटीने रस्त्यावर पळायचं म्हणजे नाही म्हटलं तरी धाकधूक असतेच, आणि नवऱ्याबरोबर निघावं तर त्याचा वेग वेगळा. मग आम्ही असं केलं की मंगळवारी सगळ्यात हळू जो असेल त्याच्या वेगाने सगळ्यांनी पळायचं, कुणी पुढे जायचं नाही. वहिनींसाठी म्हणून केलेला नियम पण फायदा आमचा सगळ्यांचा झाला, तो कसा ते खाली येतंय. आज घाट चढताना आमच्यात सगळ्यात न थांबता जाणाऱ्या त्याच आहेत.

ग्रुपचा नियम एकच. रात्री साडेनऊच्या आत व्हॉट्सॲपवर "येतोय" किंवा "नाही" लिहायचं. कारण द्यायचं नाही, कुणी विचारायचंही नाही. सकाळी पाचला "आज जमत नाही रे" असला मेसेज मात्र चालत नाही, त्याला दंड म्हणून रविवारी सगळ्यांची मिसळ. आणि लागोपाठ तीन वेळा कुणाचं "नाही" आलं तर संध्याकाळी एक जण त्याच्या घरी चहाला जातो. पळण्याचा विषयसुद्धा काढत नाही, नुसता बसून येतो. सरांच्या आई आजारी होत्या तेव्हा ते दीड महिना नव्हते, आम्ही पाळीपाळीने जाऊन बसायचो. ते परत आले त्या दिवशी दोनच किलोमीटर पळले, आम्हीपण दोनच.

रूटीनचं. सोमवारी पूर्ण सुट्टी. मंगळवारी सहा ते आठ किलोमीटर सपाटीला, एकदम आरामात. आरामात म्हणजे किती तर बोलता आलं पाहिजे, तुटक हो-नाही असं नाही, पूर्ण वाक्यं. मेडिकलवाला दुकानातली एखादी गोष्ट सुरू करतो आणि ती त्याला न थांबता संपवता आली म्हणजे वेग बरोबर आहे. नवीन माणसाची सगळ्यात मोठी चूक हीच असते की तो प्रत्येक दिवशी जीव खाऊन पळतो, मग पळणं म्हणजे शिक्षा वाटायला लागते आणि पंधराव्या दिवशी सुटतं. वहिनींसाठी केलेल्या नियमाचा आम्हाला फायदा झाला तो हाच. मला वाटतं तुमचं तिन्ही वेळा हेच झालं असणार. बुधवारी घरीच वीस मिनिटं, स्क्वॉट, प्लँक आणि जिन्याच्या पायरीवर पुढचे पंजे टेकवून टाचा वर-खाली, त्याने पोटऱ्या तयार होतात. गुरुवारी चढ. घाटात खालच्या टप्प्यात एक मिनिट जोरात वर, चालत खाली, असं सुरुवातीला चार वेळा, आता आठ-दहा वेळा. कधी बदल म्हणून अजिंक्यताऱ्याचा रस्ता घेतो, तो जास्त अंगावर येतो. शुक्रवारी नुसतं चालणं, शनिवारी ज्याला वाटेल त्याने चार-पाच किलोमीटर हलकं आणि रविवारी लांब पल्ला. बास. एकूण आठवड्याचे 30 ते 35 किलोमीटर होतात, रेसच्या आधी दोन महिने 40 पर्यंत नेतो, शेवटचे दोन आठवडे परत कमी करतो म्हणजे पाय ताजे राहतात.

पण हे आमचं आजचं आहे, तुम्ही उद्या हे करू नका, कळकळीने सांगतोय. तुम्ही पहिले दोन महिने एक मिनिट पळा दोन मिनिटं चाला, असं अर्धा तास, आठवड्यातून तीन दिवस. मग हळूहळू पळायची मिनिटं वाढवा. कारण काय की दम आणि हृदय काही आठवड्यांत सुधारतं, पण हाडं आणि स्नायूबंध मजबूत व्हायला कित्येक महिने लागतात. तिथेच माणूस फसतो, त्याला वाटतं मला आता धाप लागत नाही म्हणजे मी तयार. 2018 ला मी असंच एका महिन्यात आठवड्याच्या 15 किलोमीटरवरून 35 वर गेलो आणि नडगीच्या आतल्या बाजूला असं दुखायला लागलं की जिना उतरताना कठडा धरावा लागायचा. बोटाने दाबलं तर कळ मस्तकात. तीन आठवडे पळणं पूर्ण बंद. त्या तीन आठवड्यांत मी रविवारी गाडीवर पाण्याच्या बाटल्या आणि केळी घेऊन यांच्या मागे जायचो, म्हणजे कोपऱ्यावर जायची सवय तरी मोडली नाही. आणि वय चाळिशीकडे असेल, घरात हृदयविकार, शुगर, बीपी असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा, ईसीजी काढा. सरांना आम्ही त्याशिवाय येऊच दिलं नव्हतं.

रविवार हा खरा सण आहे आमचा. ऑगस्टमध्ये घाटात शिरलं की दहा मीटरवरचं दिसत नाही इतकं धुकं, पुढचा माणूस दिसत नाही, नुसता ओल्या बुटांचा चप चप आवाज येत असतो आणि त्या आवाजावरून कळतं कोण कुठे आहे. यवतेश्वरला पोचलं की चढ संपतो आणि पुढे कासच्या रस्त्याला वारा अंगावर घेत जायचं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी, सातारा हिल हाफ मॅरेथॉन याच रस्त्यावर असते, 2012 पासून, गावातून निघून हा घाट चढून कासच्या दिशेला जायचं आणि त्याच रस्त्याने परत, 21 किलोमीटर. 2015 ला तर डोंगरावर एकत्र पळणाऱ्यांच्या संख्येसाठी गिनेसमध्ये नोंद झाली. आपल्या गावातली रेस, ओळखीची माणसं रस्त्याच्या कडेला ताटं-थाळ्या वाजवत उभी, त्याची मजा काही औरच. बँकवाला जानेवारीत मुंबई मॅरेथॉनला हाफ पळून आला, म्हणाला पेडर रोडच्या चढाला लोक हळू झाले तेव्हा मला आपला घाट आठवला आणि हसू आलं.

चढाला सगळे घाबरतात पण पाय खातो तो उतार हे लक्षात ठेवा. उतरताना लांब ढांगा टाकून टाच आपटत आलात तर प्रत्येक पावलाला ब्रेक लागतो आणि तो भार मांडीच्या पुढच्या स्नायूवर येतो, दुसऱ्या दिवशी कमोडवर बसतानासुद्धा ओरडाल. छोटी पावलं, भराभर, अंग किंचित पुढे. चढालापण तेच, छोटी पावलं, नजर रस्त्यावर पाच-सहा मीटर पुढे, वर वळणाकडे बघायचंच नाही. पल्ला तासाभराच्या वर असेल तर खिशात खजूर किंवा शेंगदाण्याची चिक्की ठेवा आणि नुसतं पाणी ढोसू नका, मीठ-साखर असलेलं ओआरएस घ्या. पावसात मांड्यांच्या मध्ये आणि काखेत व्हॅसलीन लावायला विसरू नका, एकदा सोललं की आंघोळीला कळतं. ओले बूट रात्री वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवले की मंगळवारपर्यंत वाळतात. अंधारात उजव्या बाजूने पळा, समोरून येणारी गाडी दिसली पाहिजे. कुत्री अंगावर आली तर पळू नका, थांबा आणि चाला. सप्टेंबरात कासला फुलं बघायला गर्दी होते म्हणून आम्ही आठच्या आत खाली उतरलेले असतो.

अजून एक सांगावंसं वाटतं. आमच्याच जिल्ह्यातली माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर, दुष्काळी पट्ट्यातली मुलगी, 2016 च्या रिओ ऑलिंपिकला 3000 मीटर स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांवरून उड्या मारत पळायच्या शर्यतीच्या, फायनलला गेली आणि दहावी आली. सरांनी नंतर वर्गात पोरांना ती शर्यत सांगितली होती आणि सर स्वतः तेव्हा जिना चढताना दमायचे. ते म्हणतात की पोरांना सांगून झालं पण मलाच लाज वाटायला लागली, त्यातून एक वर्षाने ते आमच्या चौकात आले. बूटसुद्धा नव्हते, कॅनव्हासचे पांढरे पीटीचे घालून आलेले. बुटांवर तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगतो, फार महाग नकोत पण पळायचेच घ्या, अर्धा नंबर मोठे घ्या, आणि संध्याकाळी घ्यायला जा कारण तोवर पाय थोडा सुजलेला असतो.

माझी साखर 5.5 वर आहे आता, गोळी नाही.

राहिलं टायमिंग. पहिल्या वर्षी हिल हाफला 2 तास 38 मिनिटं. सगळ्यात चांगलं 2 तास 9. मागच्या वर्षीचं मात्र 2 तास 52 आहे, कारण उतरताना सतराव्या किलोमीटरला सरांच्या पोटरीत गोळा आला, ते कडेला बसले आणि हाताने आम्हाला जा जा करत होते. मेडिकलवाल्याने पाय दाबला, वहिनींनी मीठ-साखरेचं पाणी पाजलं आणि पाचही जण चालत, थोडं पळत, परत चालत खाली आलो. पाचही सर्टिफिकेटांवर तीच वेळ आहे, सेकंदांचा काय तो फरक. सरांनी त्यांचं शाळेत लावलंय.