नाशिकला ८० जणांसाठी तीन मजली ऑफिस बांधतोय. पर्यावरणपूरक, पुढे बदल करता येतील अशी आणि लोकांना आत बरं वाटेल अशी इमारत हवी आहे. दर्शनी बाजू पश्चिमेला असून ती पूर्ण काचेची सुचवली आहे. काय करावं?

काचेचं नंतर बघा, आधी मजल्याची रुंदी ठरवा. मी आर्किटेक्ट आहे, ऑफिसांची कामं बरीच केली. विजेचं बिल, माणसांचं समाधान आणि पुढची मोडतोड, तिन्ही या एका आकड्यावर ठरतात.

खिडकीची वरची कड जमिनीपासून जितकी उंच, त्याच्या दोन-अडीचपट आतपर्यंत कामापुरता उजेड पोचतो. कड २.७ मीटरवर असेल तर साधारण ६ मीटर. म्हणून दोन्हीकडे खिडक्या आणि मधे पॅसेज धरून मजला १४-१५ मीटरपेक्षा रुंद करू नका. त्याहून रुंद केलात तर मधल्या माणसांच्या नशिबी दिवसभर ट्यूबलाइट, आणि तिथे नेहमी नव्या पोरांनाच बसवतात. मला हे मनापासून खटकतं. केबिन आत घ्या, खिडक्या सगळ्यांना मिळू द्या.

लांब बाजूंची तोंडं उत्तरेला आणि दक्षिणेला ठेवा. दक्षिणेचं ऊन वरून येतं, ते छज्जा अडवतो. पश्चिमेचं तिरपं येतं, तिथे छज्ज्याचं काही चालत नाही. जिना, लिफ्ट, टॉयलेट, स्टोअर त्या बाजूला टाका. पश्चिमेला पूर्ण काच घेतलीत तर एप्रिलमध्ये दुपारी चारला पडदे खाली, दिवे चालू आणि एसी १८ वर, हे ठरलेलं.

आता हवा. साधा स्प्लिट एसी खोलीतलीच हवा गार करून पुन्हा सोडतो, बाहेरची ताजी हवा आत घेत नाही. बाहेर कार्बन डायऑक्साइड ४२० पीपीएमच्या (म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग) आसपास असतो. छोट्या मीटिंग रूममध्ये आठ जण दार लावून बसले की अर्ध्या तासात हा आकडा २००० ओलांडतो. जेवणानंतरच्या मीटिंगमध्ये येणाऱ्या जांभया सगळ्या जेवणामुळे नसतात. हार्वर्डच्या जोसेफ ॲलन यांच्या गटाच्या प्रयोगात हा वायू वाढला तसे निर्णयक्षमतेचे गुण घसरले होते. तेव्हा एसीच्या कोटेशनमध्ये ताज्या हवेची सोय वेगळी लिहून मागा. आणि सीलिंग फॅन लावाच. पंखा फिरत असेल तर २७ अंशांतही लोक तक्रार करत नाहीत. उन्हाळ्यात नाशिकची रात्र गार होते, म्हणून वर जाळीची झडपं ठेवून रात्री उघडा. स्लॅब निवतो आणि सकाळी एसी उशिरा लावला तरी चालतो.

बजेट असेल तर स्लॅबमधल्या पाइपांतून गार पाणी फिरवण्याची पद्धतही विचारा. इन्फोसिसने हैदराबादला २०११ मध्ये एकाच इमारतीच्या अर्ध्या भागात ती आणि अर्ध्यात नेहमीचा सेंट्रल एसी लावून तुलना केली. पाइपवाल्या भागाला सुमारे एक तृतीयांश वीज कमी लागली. पावसाळ्यात मात्र आतली हवा कोरडी ठेवावी लागते, नाहीतर छताला पाणी सुटतं.

बदलाचं म्हणाल, तर कॉलम-स्लॅब ५०-६० वर्षं राहणार, एसी १५-२० आणि टेबलं सहा-सात. म्हणून वायरिंग स्लॅबमध्ये पुरू नका, छताखाली उघड्या ट्रेमधून न्या. आतल्या भिंती विटांच्या नकोत, ड्रायवॉल (जिप्सम बोर्डच्या हलक्या भिंती) पुरे. आणि मजल्याची उंची ३.६ मीटरच्या खाली आणू नका, कारण बाकी सगळं नंतर बदलता येतं, ही उंची येत नाही.

प्लॉटची लांबी-रुंदी कळवलीत तर जिना-टॉयलेट नेमके कुठे बसतील ते सांगू शकेन.