देवाला सगळं आधीच ठाऊक आहे, तर प्रार्थनेत आपल्या गरजा धिटाईने का मागायच्या?

गुरुवारी तुमची नोकरीची मुलाखत आहे, ती नोकरी मिळावी म्हणून देवाकडे मागावंसं वाटतं, पण स्वतःसाठी मागणं स्वार्थीपणाचं वाटतं, असं तुम्ही लिहिलंय. हीच शंका मला कित्येक वर्षं छळत होती, म्हणून लिहितोय.

माझी प्रार्थना एका वाक्याची असायची. "प्रभू, तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे." ऐकायला नम्र वाटतं, पण माझ्या बाबतीत त्यामागे भीती होती. नेमकं काही मागितलंच नाही, तर नकार पचवायची वेळच येणार नाही. मग माझी नोकरी गेली. एका रात्री जेवणं झाल्यावर बायकोने ताटं बाजूला सारली, माझा हात धरला आणि म्हणाली, "प्रभू, एक तारखेला घरभाडं द्यायचंय. आमच्याकडे निम्मेच पैसे आहेत. उरलेल्यांची सोय तू कर. येशूच्या नावाने, आमेन." मला संकोचच वाटला. देवाशी इतकं रोखठोक बोलायचं?

झोप लागेना, म्हणून मी बायबलमधला लूक 11 उघडला. एक शिष्य येशूला म्हणतो, आम्हाला प्रार्थना करायला शिकव. येशू शिकवतो, त्यात रोजची भाकर मागायला लावतो, आणि लगेच एक गोष्ट सांगतो. मध्यरात्री एक जण मित्राचं दार ठोठावतो. घरी पाहुणा आलाय, वाढायला काही नाही, तीन भाकरी उसन्या दे. अगदी मोजून तीन! आतला कुरकुरतो, दार लावलंय, मुलं झोपलीत. तरी उठून देतो. तो का उठतो हे सांगताना मूळ ग्रीकमध्ये 'अनाइदेइया' असा शब्द आहे. त्याचा अर्थ भीडभाड सोडणं, जवळजवळ निर्लज्जपणाच. देव त्या झोपमोड झालेल्या मित्रासारखा आहे असं येशूला म्हणायचं नाही, कारण पुढे तो विचारतो, मुलाने मासा मागितला तर कोणता बाप त्याला साप देईल? अवघडलेला मित्रही देतो, तर स्वर्गातला पिता किती आनंदाने देईल.

देवाला माहीत असतं हे खरंच. मत्तय 6:8 मध्ये तेच म्हटलंय. पण पुढच्याच वचनाची सुरुवात बघा: "म्हणून" तुम्ही अशी प्रार्थना करा. आपण ज्याला मागायचं टाळण्याचं कारण समजतो, ते येशू मागण्याचं कारण म्हणून देतो. बार्तीमय आंधळा आहे हे यरीहोच्या रस्त्यावर कुणाला दिसत नव्हतं? तरी येशू त्याला विचारतो, मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे? येशूला ते त्याच्याच तोंडून ऐकायचं होतं.

आता 'धिटाई'बद्दल. मागितलेलं मिळालंच असं ठासून म्हणत राहायचं, ही शिकवण मला पटत नाही. त्यात सगळा भार आपल्या विश्वासाच्या जोरावर पडतो. इब्री 4:16 धैर्याने कृपेच्या राजासनाजवळ जायला सांगतं, तिथला ग्रीक शब्द आहे 'पार्रेसिया', म्हणजे मनातलं मोकळेपणी बोलणं. आणि हे धैर्य कशाच्या आधारावर? आदल्या वचनात उत्तर आहे: आपला महायाजक, म्हणजे येशू, आपल्यासारखाच पारखला गेला आहे, त्याला आपल्या दुबळेपणाची कळ कळते. मरणाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत तो स्वतः आधी म्हणाला, हा प्याला माझ्यापासून दूर कर. 'तरी माझ्या इच्छेप्रमाणे नको' हे त्यानंतर. मी वर्षानुवर्षं पहिलं वाक्य गाळत होतो.

त्या महिन्यात भाड्याच्या आदल्या दिवशी जुन्या कामाचे अडकलेले पैसे आले. मी त्याला प्रार्थनेचं उत्तर मानतो. पण दोन वर्षांनी आई आजारी पडली, तेव्हाही आम्ही असंच नाव घेऊन, रडून मागितलं, आणि ती गेली. प्रेषित पौलानेही शरीरातला काटा, म्हणजे त्याला छळणारा त्रास, निघावा म्हणून तीनदा विनवलं होतं; काटा राहिला, कृपा पुरली. मला 'माझी कृपा तुला पुरे' हे वचन आवडायला बराच काळ लागला. पण त्या दिवसांत मी देवापासून काही लपवलं नाही. माझा रागसुद्धा.

स्वार्थाचं म्हणाल, तर याकोब 4 मध्ये वाईट हेतूने मागण्याबद्दल इशारा आहेच. माझा अनुभव असा की मोठ्याने मागायला लागलं की काही मागण्या आपल्याच कानाला खटकतात आणि गळून पडतात. मनातल्या मनात ठेवल्या तर तशाच राहतात.

आज रात्री दार लावून बसा. गुरुवार म्हणूनच सांगा. कोणती नोकरी, ती का हवी, घरी कुणाची काळजी आहे, आणि मुलाखतीत कुठल्या प्रश्नाला तुम्ही घाबरताय, तेही सांगा.