‘कोणत्या कायद्याखाली?’ हे पोलिसांना विचारता येतं

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी वाचकांच्या प्रश्नांना ही उत्तरं. कायदा इंग्लंड आणि वेल्सचा. स्कॉटलंडचा निराळा आहे.

प्रश्न : स्लाऊमध्ये आमचं छोटं मंडळ आहे. यंदा विसर्जनाची मिरवणूक ढोल-ताशासह रस्त्यावरून काढायची आहे. पोलिसांची परवानगी कुठे मागायची?

परवानगी मागायची नाही, कळवायचं. आपल्या लोकांना हे पटायला वेळ लागतो, कारण आपण १४४ कलमाची जमावबंदी ऐकत वाढलो. इथे १९८६ च्या पब्लिक ऑर्डर ॲक्टचं कलम ११ म्हणतं की एखाद्या मुद्द्याचा प्रचार करायला किंवा एखादा प्रसंग साजरा करायला मिरवणूक काढायची असेल, तर लेखी सूचना द्या. तारीख, निघण्याची वेळ, मार्ग आणि एका आयोजकाचं नाव-पत्ता, इतकंच. मिरवणूक जिथून निघणार त्या हद्दीतल्या पोलीस ठाण्यात ती द्यायची. माझ्या मते गणपतीची मिरवणूक यात बसते.

अडतं ते मुदतीपाशी. कायद्याला ६ पूर्ण दिवस हवेत. सूचना दिल्याचा दिवस आणि मिरवणुकीचा दिवस मोजायचा नाही. मिरवणूक रविवारी असेल तर कागद आदल्या रविवारपर्यंत पोचला पाहिजे. माझ्याकडे आलेल्या एका मंडळाने तो सोमवारी नेऊन दिला होता. मधे ५ दिवस उरले आणि आयोजक म्हणून ज्यांचं नाव होतं ते काका आठवडाभर झोपले नाहीत. सूचना न दिल्यास आयोजकाला १,००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो, त्यामुळे त्यांची काळजी खोटी नव्हती.

वर्षानुवर्षं निघणाऱ्या रूढ मिरवणुकीला सूचनेतून सूट आहे. लंडनमध्ये दर महिन्याला निघणाऱ्या सायकलस्वारांच्या फेरीला हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचं सर्वोच्च न्यायालय) २००८ साली ती दिलीही. पण तुमचं पहिलंच वर्ष आहे, त्या सुटीवर विसंबू नका.

सूचना मिळाली म्हणून पोलीस मिरवणूक नाकारू शकत नाहीत. कलम १२ खाली अटी मात्र घालू शकतात, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर आवाजामुळे गंभीर अडथळा येण्याची शक्यता असेल तर त्यावरूनही. म्हणून ढोल कुठे वाजेल, कुठे थांबेल, हे मार्गाच्या नकाशावरच लिहून द्या. रस्ता बंद करायचा असेल तर ते काम काउन्सिलचं. तो अर्ज वेगळा आणि बराच आधी करायचा.

प्रश्न : माझा मुलगा बर्मिंगहॅमला शिकतो. रात्री पोलिसांनी काही कारण नसताना अडवून त्याची झडती घेतली. त्याने घाबरून नाव-पत्ता सगळं सांगितलं. व्हिसाला धक्का बसेल का? (नाशिकहून एक आई)

ताई, नुसत्या झडतीने काही बिघडत नाही. ती अटक नव्हे, गुन्ह्याची नोंदही नव्हे.

एरवी झडतीसाठी पोलिसाकडे वाजवी संशय हवा. १९८४ च्या पोलीस अँड क्रिमिनल एव्हिडन्स ॲक्टचं कलम १ तसं सांगतं. पण हिंसाचाराची भीती असेल तर इन्स्पेक्टर एखादा भाग २४ तासांसाठी १९९४ च्या क्रिमिनल जस्टिस अँड पब्लिक ऑर्डर ॲक्टच्या कलम ६० खाली आणू शकतो. मग त्या भागात शस्त्रासाठी कोणालाही संशयाविना तपासता येतं. तुमच्या मुलाच्या बाबतीत बहुधा हेच झालं असावं.

तरीही त्याचे हक्क जात नाहीत. अधिकाऱ्याने आपलं नाव किंवा क्रमांक, पोलीस ठाणं, कायदा आणि काय शोधतोय हे सांगायचं असतं. रस्त्यावर फक्त कोट, जाकीट, हातमोजे उतरवायला लावता येतात. झडतीसाठी नाव सांगण्याची सक्ती नाही. झडतीच्या नोंदीची प्रत ३ महिन्यांच्या आत मागता येते. त्याला ती आजच मागायला सांगा. पळू नकोस, हात झटकू नकोस, हेही सांगा. झडतीतून काहीही निघालं नाही आणि अटक झाली ती झटापटीमुळे, अशी मुलं मी पाहिली आहेत.

प्रश्न : शेजारी त्याच्या बागेतून ओरडतो, “तुमच्या देशात परत जा.” पोलिसांत गेलं तर ते ‘शेजाऱ्यांचं भांडण’ म्हणतील ना?

म्हणू देऊ नका. मोबिलिटी स्कूटरवरच्या एका माणसाने तीन स्पॅनिश बायकांना शिवी देऊन ‘परदेशी’ म्हटलं, परत जा म्हणाला. ते प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेलं आणि २००७ मध्ये निकाल लागला की नुसतं ‘परदेशी’ म्हणूनही वांशिक वैर दिसू शकतं. तुमचा प्रसंग त्याच्या फार जवळचा आहे.

इथेही १९८६ चा पब्लिक ऑर्डर ॲक्टच लागतो. त्याच्या कलम ५ मध्ये धमकीचे किंवा शिवराळ शब्द लागतात; नुसता अपमान २०१४ पासून तिथे पुरत नाही. कलम ४ए मध्ये अपमानही चालतो, पण त्रास देण्याचा हेतू दाखवावा लागतो. त्याला वांशिक वैराची जोड सिद्ध झाली तर शिक्षा २ वर्षांपर्यंत जाते.

एक खाच आहे. तो त्याच्या घरात आणि तुम्ही तुमच्या घरात असाल तर ही कलमं लागत नाहीत. बाग मात्र घरात धरत नाहीत. म्हणून वहीत तारीख आणि वेळेबरोबर तो कुठे उभा होता, तुम्ही कुठे होतात, हेही लिहा. त्याचे शब्द इंग्रजीत जसेच्या तसे लिहा, शिवीसकट. लाजून सौम्य केलेल्या शब्दांनी तक्रार दुबळी होते. साध्या कलमांखालच्या खटल्याला ६ महिन्यांची मुदत असते, तेव्हा थांबू नका. १०१ ला फोन करा. अंगावर येत असेल तर ९९९.

प्रश्न : पबबाहेर बाचाबाची झाली. पोलीस म्हणतात, “कॉशन घे, प्रकरण मिटेल.” घेऊ का?

वकिलाशी बोलल्याशिवाय नाही. कॉशन म्हणजे तोंडी समज नव्हे. ती गुन्ह्याची कबुली आहे, पोलिसांच्या संगणकावर राहते आणि व्हिसाच्या अर्जात सांगावी लागते. ९० पौंडांची दंडाची पावती मिळाली तर ती वेगळी गोष्ट. तिच्यात कबुली नसते, आणि २१ दिवसांत ती भरता येते किंवा कोर्टात सुनावणी मागता येते.

पोलीस ठाण्यात सॉलिसिटर फुकट मिळतो, मग पगार कितीही असो. तुम्हाला अटक न करता ‘स्वेच्छेने’ जबाबाला बोलावलं असेल तरीही मिळतो.