लग्नाची साडी : काठ किती रुंद, बाही कुठपर्यंत?

प्रश्न : माझी उंची पाच फूट, बांधा भरलेला. मुहूर्तासाठी पैठणी घ्यायची आहे. घरच्यांचा आग्रह मोठ्या काठाचा, पण तशी साडी अंगावर धरली की मी आणखीच बुटकी दिसते. दंडही जाड आहेत. साडी कशी निवडू आणि ब्लाउज कसा शिवू?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आरशात तुम्हाला जे दिसतंय ते बरोबर आहे. पैठणीचा पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, साधारण 45-46 इंच असतो. तुमच्या उंचीला कमरेपासून जमिनीपर्यंत, चपलेची टाच धरून, 38-39 इंच पुरतात. उरलेलं कापड कमरेत आत जातं. खालचा काठ 12 इंचांचा असेल, तर दिसणाऱ्या भागाचा जवळजवळ तिसरा हिस्सा नुसती जरच होते आणि नजर गुडघ्याखाली अडकते. त्यात पुष्कळ पैठण्यांना दोन्ही बाजूंना सारखाच काठ असतो. वरचा जाड काठ कमरेत खोचला की पोटावर फुगवटा येतो, आणि मग दोष उगाच बांध्याला दिला जातो.

तुम्ही तीन-चार इंचांचा काठ, लहान बुट्टी आणि साधा रेशमी पोत घ्या. टिश्यू पैठणी टाळा. तिच्या बाण्यात, म्हणजे आडव्या धाग्यांत, जर असते, त्यामुळे कापड ताठ राहतं, अंगासरशी बसत नाही. पदर मात्र मनसोक्त भरजरी, मोरांचा घ्या. तो खांद्यावरून सरळ खाली येतो, त्यामुळे उंचीला मदतच होते. येवल्याला विणकराकडून विणून घेणार असाल, तर वरचा काठ अरुंद हवा हे अगदी सुरुवातीला सांगा. मागावर ताणा, म्हणजे उभे धागे, लागल्यावर काठाची रुंदी बदलता येत नाही.

परकर साध्या सुती कापडाचा, खाली फार घेर नसलेला. लग्नात घालणार तीच चप्पल घालून मगच साडी नेसायला घ्या. निऱ्या पाच इंचांच्या, पाच किंवा सहाच. खोचल्यावर आतून एक पिन लावून त्या पोटावर सपाट बसवा. पदराच्या चुण्या खांद्यावर चार इंचांत मावू द्या. तिथे पिन लावताना कापडामागे जाड सुती तुकडा ठेवा, नाहीतर पदराच्या वजनाने रेशीम पिनेपाशी फाटतं.

आता ब्लाउज. बाही जिथे संपते तिथे नजर थांबते, म्हणून दंडाच्या सर्वांत जाड भागावर ती कधीही संपवू नका. कोपराच्या इंचभर वर संपवा आणि टोकाला दीड इंचाचाच काठ लावा. ब्लाउजपीसचा अख्खा काठ बाहीवर चढवला की दंड रुंद दिसतो. मुंढा, म्हणजे बाही जिथे जोडतात तो गोल भाग, खोल कापू देऊ नका. सैल मुंढा आरामाचा वाटतो, पण हार घालायला हात वर केला की पूर्ण ब्लाउज वर ओढला जातो. मुंढा काखेच्या जवळ बसला तर हात मोकळा उचलता येतो. पुढचा आणि मागचा, दोन्ही गळे खोल घेतले तर खांदे घसरतात. मागचा खोल हवा असेल तर पुढचा उंच ठेवा आणि मागे नाडी लावा. अस्तर सुतीच हवं. आत दोन्ही बाजूंना इंचभर दाब, म्हणजे शिवणीत जादा कापड, ठेवायला सांगा. पहिली ट्रायल मात्र कच्च्या टाक्यांवर घ्या, कारण रेशमावर उसवलेल्या शिलाईची भोकं दिसत राहतात. ट्रायल लग्नाआधी तीन आठवडे, शेवटची पाच-सहा दिवस आधी.

प्रश्न : नऊवारी शिवून घ्यावी की नेसावी? माझे नितंब रुंद आहेत, काष्टा शोभेल का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : शोभेल. फक्त काष्ट्याचा काठ मागे बरोबर मध्यावर, सरळ रेषेत यायला हवा. तो तिरका गेला की एक बाजू मोठी दिसते. नेसलेली नऊवारी अंगाप्रमाणे घट्ट-सैल करता येते, त्यामुळे नेसवणारी जाणकार बाई मिळत असेल तर नेसलेलीच निवडा. शिवून घ्यायची झाली तर कंबर, नितंब आणि उंची यांच्याबरोबर आसनाचं माप, म्हणजे पुढच्या कमरेपासून पायांमधून मागच्या कमरेपर्यंतचं, नीट घ्यायला लावा. ते कमी पडलं की होमाला मांडी घालून बसताना शिवण ताणली जाते, कधी उसवतेही. म्हणून ट्रायलला उभं राहून समाधान मानू नका. पाटावर पाच मिनिटं मांडी घालून बसा, वाका, उठा. आणि आजीची किंवा अस्सल हातमागाची साडी त्यासाठी कापू नका. ती पुन्हा साडी म्हणून नेसता येत नाही.

प्रश्न : मी सावळी आहे. मामाकडून येणारी पिवळी साडी मला खुलेल का?
– एक वाचक, नांदेड

उत्तर : नक्की खुलेल. फिकट लिंबू रंगाऐवजी हळदीचा गडद पिवळा निवडा, काठ लाल किंवा हिरवा. मामांबरोबर दुकानात तुम्हीही जा. दुकानातले दिवे रंग बदलून दाखवतात, म्हणून साडी दाराशी, दिवसाच्या उजेडात चेहऱ्याजवळ धरून पाहा. चेहऱ्याला सहा-सात छटा पांढऱ्या मेकअपचा थर देऊ देऊ नका. मान आणि हात वेगळे दिसले की पिवळ्यावर ते लगेच उठून दिसतं.